आयत्या बिळावरचे नागोबा

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस कुणालाही उतरवून घेता येतो. पाव अंशाची एकेक चौकट, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर. पण बायनरी फाइल उघडली की आत नुसते आकडे, खुलाशाची एक ओळ नाही. समुद्रावर किंवा नोंद नसलेल्या चौकटीत उणे ९९९ भरलेले. तापमानाच्या फाइलीत मात्र त्याच रिकाम्या जागेला ९९.९. हे ठाऊक नसलेल्याने सरळ सरासरी काढली, तर कोकणकिनाऱ्यावर उणे पाऊस पडतो!

ही कटकट वाचवणारी आयएमडीलिब नावाची छोटी पायथन लायब्ररी काही तरुण भारतीय संशोधकांनी लिहिली आणि फुकट वाटली. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण त्यापुढे आमचा विद्यार्थी ज्या ज्या साधनाला हात लावतो, ते बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या घामाचे असते. नकाशे काढायचे क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कात गॅरी शर्मन यांनी सुरू केले. त्याच्या पोटातले, नकाशांच्या फाइली वाचणारे जीडॅल १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम या एका माणसाने लिहायला घेतले. आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी लिहिणारे जॉन हंटर तर मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख काढत होते. २०१२ मध्ये ते गेले, तेव्हा इतरांनी ते काम खांद्यावर घेतले.

आणि आपण? आपण उतरवून घेतो. मुक्त सॉफ्टवेअर रुजवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पासारखे अपवाद आहेत, पण अपवादाच्या पदराआड सगळ्या समाजाने किती दिवस लपायचे?

एक उदाहरण डोळ्यांनी पाहावे. मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखाला ‘जिल्हानिहाय पाऊस’ असे शीर्षक दिले, की ‘जि’ची वेलांटी ‘ज’ ओलांडून पलीकडे ‘ल’ला जाऊन चिकटायची आणि ‘ल’चा पाय मोडलेला तसाच लटकत राहायचा. वर्षानुवर्षे हे असेच. देवनागरी अक्षरे नीट जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररीसुद्धा मुक्तच आहे, म्हणजे औषध दुकानात फुकट ठेवलेले होते. पुण्यात संगणक अभियंत्यांची काय वाण? पण आपण शीर्षक इंग्रजीत टाकले आणि मोकळे झालो. ज्याच्या शेतावरच्या पावसाचा तो आलेख, त्याला तो वाचता येईल की नाही, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

पोथ्या सोवळ्यात गुंडाळून ठेवणाऱ्यांना आपण आज हसतो. मग लोकांच्या करातून उभ्या राहिलेल्या संस्थेत बसून ‘आधी आपला पेपर येऊ दे, कोड कुणाला देऊ नकोस’ असे विद्यार्थ्याला बजावणारा मार्गदर्शक वेगळे काय करतो? स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिच्यातली चूकही सोबत जाते आणि पुढे प्रबंधात छापून येते. बढतीच्या अर्जात पेपरांना गुण आहेत, परिषदांना आहेत. दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधून ती दुरुस्त करणाऱ्याला कौतुकाचा शब्दही नाही. महागड्या परवान्यासाठी निविदा झटपट निघते. फुकट मिळालेल्या साधनाची देखभाल म्हटले की लेखाधिकारी विचारतो, ‘फुकट आहे ना, मग पैसे कसले?’ त्याचे काय चुकले म्हणा! फुकट म्हणजे बेवारस, हे त्याला आपणच शिकवले.

ज्ञान खुले वाटणे आपल्या रक्तातच नाही, असेही म्हणायची सोय नाही. गणिती केरूनाना छत्रे एके काळी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला होते. त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ मराठीत छापली, ती दुसऱ्यालाही गणित करता यावे म्हणून. कोष्टके कडीकुलपात ठेवून नानांना मोठेपणा मिरवता आला असता. त्यांच्या हाताशी ना संगणक होता ना इंटरनेट. आपल्या हाताशी दोन्ही आहेत आणि लाज तेवढी नाही.

विद्यार्थ्यांनो, सापडलेली चूक मित्राच्या कानात सांगून थांबू नका, ती लिहून प्रकल्पाकडे पाठवा. मोडक्या इंग्रजीत पाठवली तरी चालते. कंपन्यांनो, ज्या साधनावर तुमचा नकाशाचा धंदा चालतो, त्याच्या देखभालीसाठी एका अभियंत्याचा पगार द्या. आणि विद्यापीठांनो, लोकांच्या पैशाने केलेल्या संशोधनाचा कोड खुला केल्याशिवाय एकही प्रबंध स्वीकारू नका.