पेटंटची चतुःसीमा कोणी आखावयाची?

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची पद्धत आहे. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गावठाण, असा चारही दिशांचा तपशील नोंदविल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही. ‘पूर्वेस ओढ्यापासून काही अंतरावर’ एवढेच लिहिलेले खत कोणी पुढे केले, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील कारकूनही ते परत करील. शेजाऱ्याच्या बांधाला कोठे हात लावावयाचा नाही हे ज्या कागदावरून कळत नाही, तो कागद हक्क निर्माण करीत नाही, भांडण निर्माण करतो.

बुद्धीच्या मालमत्तेबाबत मात्र ही साधी दक्षता नेहमी घेतली जातेच असे नाही. अमेरिकेत ‘एकमेकांपासून अंतर राखून’ अशा अर्थाच्या मोजक्या शब्दांवर उभ्या राहिलेल्या एका पेटंटने २००४ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, पेटंट कार्यालयाला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या सर्व पायऱ्यांना कामाला लावले. वाद होता मुठीत धरावयाच्या एका दांडीचा. पण त्यातून उपस्थित झालेला प्रश्न त्या दांडीहून फार मोठा आहे. सार्वजनिक हक्काच्या दस्तऐवजातील संदिग्धता कोणी दूर करावयाची, आणि ती राहिली तर तिची किंमत कोणी मोजावयाची, हा तो प्रश्न होय.

दांडी आणि तिची करामत

व्यायामशाळेतील यंत्रावर धावताना पुढील दांडी दोन्ही हातांनी पकडली, की समोरच्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा उमटतो. हे दृश्य आता भारतातील शहरांतही नवलाचे राहिलेले नाही. या सोयीमागे एक अडचण दडलेली आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात एक अतिशय क्षीण विद्युत्संकेत निर्माण होतो व तो तळहातापर्यंत पोहोचतो. परंतु दांडी घट्ट पकडली, हात हलविला, की हाताच्या स्नायूंतूनही विद्युत्संकेत निघतात आणि त्यांच्या गोंगाटात हृदयाचा संकेत हरवून जातो. व्यायाम करणाऱ्याने हात न हलविता व्यायाम करावा असे सांगणे तर हास्यास्पदच.

बायोसिग इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीकडे असलेल्या पेटंटाने या अडचणीवर एक चतुर तोड सांगितली होती. त्यासाठीचा अर्ज १९९२ सालचा. पेटंट मिळाले १९९४ साली. दांडीच्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही भागांवर विद्युतअग्रांची एकेक जोडी बसवावयाची. हृदयाचा संकेत डाव्या व उजव्या हातात परस्परविरुद्ध ध्रुवतेचा असतो. स्नायूंचा संकेत मात्र दोन्ही हातांत सारखा मिळेल अशी मांडणी करता येते. मग एका हाताच्या संकेतातून दुसऱ्या हाताचा संकेत वजा केला, की स्नायूंचा गोंगाट जवळजवळ शून्यावर येतो आणि हृदयाचा संकेत शिल्लक राहतो. शालेय गणितातील वजाबाकीचाच हा एक सुंदर उपयोग म्हणावयास हवा.

सारी मदार अर्थातच दोन्ही हातांतील स्नायूसंकेत सारखे येण्यावर होती. आणि ते विद्युतअग्रांमधील अंतर, त्यांचा आकार, घडण व धातू यांवर अवलंबून होते. पेटंटाच्या दाव्यात प्रत्येक जोडीतील दोन अग्रे ‘एकमेकांपासून अंतर राखून’ बसविलेली असतील, असे म्हटले होते. ते अंतर किती, हे तेथे सांगितलेले नव्हते. आणि ते कसे ठरवावयाचे, हेही दाव्याच्या शब्दांवरून उमगत नव्हते.

एकाच शब्दाचे दोन उपयोग

आपल्या शोधाची माहिती स्टेअरमास्टर या व्यायामयंत्रांच्या उत्पादकाला दिली असता त्याने परवाना न घेताच ती वापरली, आणि पुढे तो व्यवसाय विकत घेणाऱ्या नॉटिलस कंपनीनेही तेच चालू ठेवले, असा बायोसिगचा आरोप होता. २००४ साली दावा दाखल झाला. नॉटिलसने पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीची मागणी केली. त्या तपासणीत मुख्य अडसर ठरले ते १९८४ साली फुजिसाकी नावाच्या संशोधकास मिळालेले पेटंट. त्यातही विद्युतअग्रांच्या दोन जोड्या होत्या आणि वजाबाकी करणारे विवर्धकही होते. मग नवे ते काय?

या प्रश्नाला शोधकर्त्याने शपथपूर्वक दिलेले उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. अग्रांमधील अंतर सर्व यंत्रांसाठी एकच ठरविता येत नाही. परंतु जाणकार तंत्रज्ञ निरनिराळ्या मांडण्या करून पाहील आणि दोन्ही हातांचे संकेत सारखे येईपर्यंत दुरुस्ती करीत राहील, तर त्याला योग्य अंतर सापडेल, असे त्याने सांगितले. २०१० साली कार्यालयाने पेटंट कायम केले.

येथेच खरी मेख आहे. जुन्या शोधापासून वेगळेपण सिद्ध करावयाचे तेव्हा ‘अंतर’ या शब्दाला एक विशिष्ट, परिणामकारक अर्थ द्यावयाचा. आणि प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर बोट ठेवावयाचे तेव्हा त्याच शब्दाला सैल, सर्वसमावेशक अर्थ द्यावयाचा, अशी मोकळीक संदिग्ध शब्दांतून पेटंटधारकास मिळते. बायोसिगचा हेतू तसा होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कायद्याने विचार करावयाचा तो हेतूचा नव्हे, तर मिळणाऱ्या संधीचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ साली, सोललेली कोळंबी डब्यात टिकविण्याच्या एका पेटंटाच्या खटल्यात, पेटंटाचा दावा म्हणजे हवा तसा वळविता येणारे मेणाचे नाक नव्हे, असे बजावले होते. सव्वाशे वर्षांनंतरही त्या इशाऱ्याची गरज संपली नव्हती, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

न्यायालयांची ओढाताण

जिल्हा न्यायालयाने दावा संदिग्ध ठरवून पेटंट अवैध मानले. २०१३ साली फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दोन अग्रांमधील अंतर हाताच्या रुंदीहून अधिक असू शकत नाही, कारण मग एका हाताचा दोन्ही अग्रांना स्पर्श होणार नाही. आणि ते इतके कमीही असू शकत नाही की दोन अग्रांचे एकच अग्र व्हावे. म्हणजे मर्यादा समजू शकतात, असा त्या न्यायालयाचा युक्तिवाद होता. त्या वेळची त्याची कसोटीही मोठी उदार होती. ज्या संदिग्धतेचा उलगडा होणे सर्वथा अशक्य, तेवढीच पेटंटास मारक, असे ती कसोटी सांगे.

२ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी एकमताने मोडीत काढली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, वर्णनपत्र आणि छाननीतील पत्रव्यवहार समोर ठेवून दावा वाचला असता, त्या क्षेत्रातील जाणकारास शोधाची व्याप्ती वाजवी खात्रीने कळली पाहिजे. न्यायाधीशाला कसाबसा काहीतरी अर्थ लावता येतो, एवढे पुरेसे नाही. संदिग्धता राखण्याचा मोह अर्जदारास असतो आणि ती दूर करण्याची उत्तम संधीही त्यालाच असते, हे वास्तवही त्या निकालाने स्पष्टपणे नोंदविले. प्रकरण फेरविचारासाठी खाली गेले आणि २०१५ साली त्याच अपील न्यायालयाने नव्या कसोटीवरही हे पेटंट पुरेसे स्पष्ट असल्याचा निर्वाळा दिला.

या साऱ्या धडपडीतील विपर्यास असा की, १९९२ च्या अर्जापासून वीस वर्षे मोजली काय किंवा १९९४ पासून सतरा वर्षे मोजली काय, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा पेटंटाची मुदत संपून गेलेली होती. शेताची मोजणी झाली, परंतु ती पीक निघून गेल्यावर. मधल्या काळात जे उत्पादक त्या बांधाच्या आसपास काही करू पाहत असतील, त्यांना सीमा कोठे आहे हे कोणीच सांगू शकत नव्हते.

दुसरी बाजू

याला उत्तर म्हणून असे सांगितले जाते की, भाषा म्हणजे भूमिती नव्हे. दाव्यात ‘दोन सेंटिमीटर’ असा आकडा घातला, तर नक्कल करणारा सव्वादोन सेंटिमीटर अंतर ठेवून नामानिराळा होईल आणि खरा संशोधक हात चोळीत बसेल. माणसांचे हात लहानमोठे, यंत्रे नाना प्रकारची. तेव्हा शब्दांना थोडी लवचीकता हवीच. या म्हणण्यात निःसंशय तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयानेही पूर्ण निश्चितीची नव्हे, वाजवी खात्रीचीच अपेक्षा केली.

परंतु लवचीकता आणि मोघमपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंतराचा आकडा देता येत नसेल, तर ते अंतर शोधण्याची रीत तरी देता येते. विविध मांडण्या करून दोन्ही हातांचे संकेत समान करण्याची जी रीत शोधकर्त्याने फेरतपासणीत सांगितली, ती पेटंट मिळाल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी सांगितली. तीच रीत मूळ छाननीच्या वेळी दाव्यात किंवा वर्णनपत्रात नेमकेपणाने बांधून घेतली गेली असती, तर पुढील बहुतेक वादाला जागाच उरली नसती. संशोधकाचे त्यात काहीही नुकसान नव्हते. किंबहुना, ज्याचा शोध अस्सल आहे त्याला स्पष्टतेचे भय बाळगण्याचे कारण नसते.

परीक्षकाचे टेबल

म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर न्यायासनाजवळ नसून परीक्षकाच्या टेबलाजवळ आहे. अमेरिकेत १७९३ ते १८३६ या काळात पेटंटे छाननीवाचून केवळ नोंदणीने मिळत. परिणामी निरुपयोगी व परस्परविरोधी पेटंटांचा सुकाळ झाला आणि निवाड्याचा भार न्यायालयांवर पडला. तो अनुभव घेऊनच १८३६ च्या कायद्याने परीक्षकांची व्यवस्था निर्माण केली. परंतु त्या परीक्षकाला वेळ किती मिळतो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ च्या अहवालात नमूद केले की, एक अर्ज वाचून समजून घेणे, पूर्वीचे शोध धुंडाळणे, अर्जदाराशी पत्रव्यवहार करणे आणि निर्णय लिहिणे या सर्वांसाठी परीक्षकाजवळ ८ ते २५ तास असतात. परीक्षकाला एखादा तास अधिक देण्यात जी काटकसर केली जाते, तिची भरपाई पुढे न्यायालयात वर्षांच्या हिशेबाने करावी लागते.

भारताला हा धडा परका वाटण्याचे कारण नाही. मिर्झापूरच्या भांडी बनविणाऱ्या दोन व्यवसायांमधील खटला अभ्यासकांना परिचित आहे. कातकाम करताना भांडे पकडून ठेवण्याच्या साधनाचे ते पेटंट १९५१ सालचे. त्यात खरे नावीन्य नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला तो डिसेंबर १९७८ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. १९११ च्या कायद्यानुसार पेटंटाची साधारण मुदत सोळा वर्षांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विलंबाचा अर्थ कळतो. पेटंट छाननीनंतर दिले गेले एवढ्याने त्याची वैधता सिद्ध होत नाही, हे तत्त्व याच निकालाने अधोरेखित केले. तत्त्व योग्यच आहे. पण कच्च्या छाननीची ती सबब होता कामा नये.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा पेटंट कायदा या बाबतीत पुरेसा सावध आहे. दावे स्पष्ट व आटोपशीर असावेत आणि वर्णनपत्रातील मजकुरावर रास्तपणे आधारलेले असावेत, असे त्याचे दहावे कलम सांगते. दाव्याची व्याप्ती पुरेशी स्पष्ट नसणे हे चौसष्टाव्या कलमान्वये पेटंट रद्द होण्याचे एक कारण आहे. पंचविसाव्या कलमाने तर पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस हरकत घेण्याची मुभा दिली आहे. अर्ज प्रसिद्ध होतात, पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर आठवड्यास निघते. कायद्याची दारे उघडी आहेत. उणीव आहे ती त्या दारांतून आत जाणाऱ्यांची, आणि आत बसलेल्याला सवड देण्याची.

२०२४ च्या दुरुस्त नियमांनी नव्या अर्जांच्या छाननीसाठी विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली आहे. त्वरेची ही ओढ समजण्यासारखी आहे. रेंगाळलेला अर्जही अनिश्चिततेस जन्म देतोच. परंतु किती अर्ज निकालात निघाले या आकड्यावरच कार्यालयाचे यश मोजले जाऊ लागले, तर ‘हे अंतर म्हणजे नेमके किती, आणि ते कसे ठरवावयाचे?’ हा कंटाळवाणा प्रश्न विचारण्यासाठी परीक्षक थांबणार नाही. तो प्रश्न विचारला न जाण्याची झळ मोठ्या कंपन्यांना फारशी लागत नाही. त्यांच्या दिमतीला वकिलांची फौज असते. झळ लागते ती एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला आणि अभियांत्रिकीच्या पदवीनंतर स्वतःचे काही उभारू पाहणाऱ्या तरुणाला. बांध कोठे आहे हे न कळल्यामुळे तो शेजारच्या मोकळ्या जमिनीतही पाऊल टाकीत नाही.

पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला करार आहे. संशोधकाने ज्ञान उघड करावयाचे आणि समाजाने त्याला ठराविक काळ मक्ता द्यावयाचा. समाजाने आपली बाजू पाळावी असे वाटत असेल, तर मक्त्याची हद्दही संशोधकानेच उघड केली पाहिजे. आणि ती उघड झाल्यावाचून शिक्का उमटविणार नाही, एवढा हट्ट परीक्षकाला धरता आला पाहिजे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील कारकुनाला जे कळते ते पेटंट कार्यालयाला कळत नाही असे नाही. ते करून दाखविण्यास लागणारा वेळ आणि बळ त्याला देणे, हे सरकारचे काम आहे.