आवरणही द्रव्यच आहे

यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पावसाळा लागताच हवा दमट होते. अशा हवामानात सुगंधी चूर्णांचे वीर्य टिकवणे ही आपणा सर्वांची नित्याची चिंता. शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यता दोनच महिन्यांची सांगितली, ती उगाच नव्हे. सूक्ष्मकोषीकरण म्हणजेच मायक्रोएन्कॅप्सुलेशन हा त्यावरील एक उपाय आहे. त्याचे स्वागत करावे, परंतु डोळसपणे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तंत्र समजण्यास कठीण नाही. तैलांश डिंकाच्या द्रावणात घोटून एकजीव करतात आणि उष्ण हवेत त्याचे तुषार उडवतात. पाणी क्षणात उडते व तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती डिंकाचे कवच उरते. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये वेलदोड्याच्या अर्कावर असे प्रयोग प्रसिद्ध केले. केवळ अरबी डिंकापेक्षा डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन व सुधारित स्टार्च यांचे ४:१:१ मिश्रण अधिक संरक्षक ठरले. म्हणजे औषध किती टिकेल, हे कवच कशाचे आहे यावरही अवलंबून असते.

आवरणाची कल्पना आपणास परकी नाही. भावप्रकाशात रसकर्पूर गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दातांना न लागता गिळण्यास सांगितले आहे. तेथे आवरणाला स्पष्ट प्रयोजन आहे. आज मात्र 'कडू लागत नाही' एवढ्याच कारणासाठी कवच घालण्याचा मोह होतो. अरुचीत त्रिकटूचे कार्य जिभेपासूनच सुरू होते. तेथे रस झाकणे म्हणजे औषधाचे अर्धे काम काढून घेणे होय. बाष्पशील तेलाचे रक्षण हे योग्य प्रयोजन. रसाचा लोप हे सर्वत्र योग्य नव्हे.

औषधनिर्मात्यांनी आपल्या वनांकडेही पाहावे. जिल्ह्यातील साग-धावड्याच्या जंगलांतील धावड्याचा डिंक लाडवांपुरताच नाही. 'गम घट्टी' या नावाने तो जगभर तेल व पाणी एकजीव करण्यासाठी वापरला जातो. तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, काही भाग नुसता फुगतो. म्हणून स्वच्छ करून गाळून घ्यावा लागतो. शिवाय असे कोषही ओलावा शोषतात, तेव्हा बंदिस्त वेष्टन हवेच.

शेवटचा मुद्दा रुग्णाच्या विश्वासाचा. कवच डिंकाचे की जनावरापासून मिळणाऱ्या जिलेटिनचे, हे शाकाहारी रुग्णास कळलेच पाहिजे. शंभर मिलिग्रॅम भुकटीत प्रत्यक्ष औषध किती व आवरण किती, हे वैद्यास ठाऊक नसेल तर मात्रा ठरवायची कशी? कायद्याची सक्ती असो वा नसो, प्रत्येक औषधालयाने या दोन्ही गोष्टी लेबलवर छापाव्यात आणि वैद्यांनी त्या छापलेल्या नसलेले औषध लिहून देऊ नये. अनुपानाचा विचार करणाऱ्या शास्त्राने आवरणाचा विचार टाळू नये.