बैलाचे दात मोजतो, लॅपटॉपचं बिल मागत नाही

मुरबाड तालुक्यात म्हसा यात्रेच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी कसा वागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो बैलाचं तोंड उघडून दात मोजतो, खूर बघतो, चालवून बघतो, दोन जाणत्यांना विचारतो, मगच खिशात हात घालतो. तोच माणूस पोरीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला जातो, तेव्हा म्हणतो, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!" आणि दुकानदार देईल ते उचलून आणतो.

फसवणारा गुन्हेगार आहेच. पण विचारायचंच नाही असं ठरवून गेलेल्या गिऱ्हाइकाला मी नुसता बिचारा म्हणणार नाही.

शहापूर असो की मुरबाड, आपल्या घरात येणारा पहिला लॅपटॉप बहुतेक वेळा जुना असतो. त्यात वाईट काही नाही. पण "आय-फाइव्ह आहे" एवढ्यावर सौदा होतो. आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालू आहे. खरा प्रश्न कितव्या पिढीचा, हा आहे. साधारणपणे आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. म्हणजे स्वस्तात मिळालेलं ते यंत्र सुरक्षेच्या दृष्टीने म्हातारं झालेलं असतं. पिढी, रॅम, एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, बॅटरी किती वेळ टिकते, विंडोज अस्सल आहे का, हे पाच प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. हेच लॅपटॉपचे दात.

दुसरी गोष्ट बिलाची. नव्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय घ्या, तेवढे वाचतील," असं दुकानदार म्हणतो आणि आपण खूश होतो. हा करचुकवेगिरीतला आपला वाटा आहे. वर, माल बिघडला की वस्तू त्याच दुकानातून घेतली हे सिद्ध करतानाच दमछाक होते. मग चहाच्या टपरीवर त्या दुकानदाराला शिव्या देण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

आपल्या समाजात आणखी एक दुखणं आहे. "आपलाच माणूस आहे, जुम्याला भेटतो, त्याच्याकडे बिल कसं मागायचं?" का नाही मागायचं? देवाणघेवाण लिहून ठेवा, हे कुरआनने सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीच्या व्यवहाराबाबत बजावलं आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. रोखीच्या सौद्यालाही साक्षीदार ठेवायला तिथे सांगितलं आहे. लिहून घेणं हा अविश्वास असता, तर असा हुकूम आला असता का? तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे; आधी बांधायचा, मग भरोसा ठेवायचा. जो खरोखर आपला आहे, तो बिल मागितल्याने रागावणार नाही. जो रागावतो, त्याच्याकडून घेऊच नये.

बिल असेल तर कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार दुकान मुंबईत असो वा कंपनी बंगळुरूत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतः ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या, झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या तरुणालाही हे संरक्षण आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

हक्क कागदावर आहेत. तो कागद दुकानातून घरी आणायचं काम मात्र आपलं आहे. तेवढंही करायचं नसेल, तर "गरिबाला सगळे लुटतात" हे रडगाणं तरी बंद करू या.