माप आणि मोल

एकत्र कुटुंबात खर्चाचे जे प्रश्न उद्भवतात, त्यांपैकी मोठ्या रकमेचे प्रश्न बहुधा लवकर सुटतात. विहीर खणावयाची की नाही, मुलास शिकावयास परगावी ठेवावयाचे की घरी, अशा बाबतीत चार वडीलधारी माणसे एकत्र बसतात, साधकबाधक बोलतात आणि काही तरी ठरते. गाडे अडते ते लहानसहान गोष्टींपाशी. कारण लहान गोष्टीत पैशाचा भाग थोडा आणि मनाचा भाग फार असतो. ह्या महिन्यात अशीच एक लहानशी गोष्ट आम्ही वाचकांपुढे विचारार्थ ठेवीत आहो. ती म्हणजे डोक्यावर घालावयाची टोपी.

समजा, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या एखाद्या जुन्या वाड्यात येत्या वैशाखात दोन कार्ये एकदम आली आहेत. आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन आणि धाकट्या नातवाची मुंज. कापडचोपडाची यादी चालू असता डोक्यावरच्या वस्त्रासाठी तीन हजार रुपये निराळे काढले आहेत. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, ह्या रकमेची आजोबांसाठी पुण्याहून मापाची पगडी बांधवून आणावी. असा दिवस पुन्हा येत नाही. धाकट्या सूनबाईंचे म्हणणे असे की, तेवढ्याच पैशांत घरातील यच्चयावत् पुरुषांना आणि मुलांना एकेक नवी टोपी होईल. एका डोक्यासाठी दहा डोकी उघडी का ठेवावी? दोन्ही बाजू प्रेमाच्या आहेत आणि म्हणूनच वाद कठीण आहे. आजोबा स्वतः विचारल्यास एकच शब्द बोलतात : “नको.”

बीड जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईस त्या काळी मोमिनाबाद म्हणत. एकाच पिढीने येथे किती तऱ्हेची शिरोभूषणे पाहिली! हैदराबादच्या दरबारी जावयाचे तर शेरवानी, कमरेस बगलूस आणि मस्तकी दस्तार हवी. रुमी टोपीलाही राज्यात मोठा मान. ज्या रूमच्या म्हणजे तुर्कस्तानाच्या नावाने ती ओळखली जाई, त्या देशात ती १९२५ साली कायद्याने बंद झाली, तरी हैदराबादेत तिचा थाट पुढेही राहिला. ब्राह्मण गृहस्थाच्या खुंटीवर पगडी वा रुमाल असे, शेतकऱ्याच्या डोक्यास पागोटे असे. पुढे १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ शाळेच्या कामासाठी अंबाजोगाईस आले, १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, आणि खादीची पांढरी टोपी ही केवळ ऊन निवारण्याची वस्तू राहिली नाही. ती घालणाऱ्याचे मत दुरून दिसू लागले.

ह्या इतिहासातून गृहस्थाने घ्यावयाचा बोध साधा आहे. जे शिरोभूषण एखाद्या प्रसंगासाठीच बांधविलेले असते, त्याचे आयुष्य त्या प्रसंगाइतकेच. दरबार होता तोवर दस्तारीचे मोल होते. दरबार उठला आणि तीच दस्तार पेटीतल्या डांबरगोळ्यांची सोबतीण झाली. कापड विटले नव्हते, वीण उसवली नव्हती. घालण्याचे निमित्त मात्र संपले होते. यास्तव किंमती वस्तू घेताना ती किती वर्षे टिकेल एवढेच विचारून भागत नाही. ती कितीदा वापरली जाईल, हेही विचारले पाहिजे. तीन हजारांची पगडी एका दिवसासाठी घेतली, तर त्या दिवसाचे भाडे तीन हजार रुपये पडले. तीच पगडी एखाद्याने दहा वर्षे दर सणास घातली, तर ती स्वस्तात स्वस्त टोपीहूनही स्वस्त ठरेल.

ह्याच विषयावर महात्मा गांधींची एक आख्यायिका सांगतात. एका मोठ्या पागोट्याच्या मारवाडी शेटजींनी त्यांस विचारले की, लोक आपल्या नावाची टोपी घालतात आणि आपण मात्र बोडके, हे कसे? गांधीजींनी उत्तर दिले की, आपल्या पागोट्याच्या कापडात वीस टोप्या होतील. एकट्याने वीस जणांचे कापड वापरले म्हणजे उरलेल्या एकोणीस जणांना बोडके राहणे प्राप्तच आहे, आणि त्या एकोणिसांतला मी एक. उत्तर मार्मिक खरे. परंतु आमच्या मते त्यास एक जोड द्यावी लागेल. शेटजींनी पागोटे उतरवून ठेवले म्हणून एकोणीस टोप्या आपोआप शिवल्या जात नाहीत. पगडी नाकारून वाचलेले पैसे जर मंडपाच्या झालरीत गेले, तर आजोबाही बोडके आणि नातवंडेही बोडकी! काटकसर तीच खरी, जिच्यातून वाचलेला पैसा नेमक्या गरजेच्या ठिकाणी पोचतो.

पगडीच्या बाजूनेही न्याय्य बोलले पाहिजे. पागोटे रोज नव्याने बांधावे लागे. पगडी ही एकदाच बांधून, टाचून, टोपीप्रमाणे मस्तकी ठेवावयाची. तिचा घेर, तिचा माथा, पुढचा कोका हे सर्व पगडबंदाच्या बोटांचे काम आहे. लोकमान्य टिळकांची लाल पगडी आपण चित्रांतून नित्य पाहतो, परंतु ती बांधणारा हात कोणाच्या ध्यानात येत नाही. पुणेरी पगडीस २००९ साली भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद मिळाली हे खरे. पण नोंदीने कारागिराचे पोट भरत नाही, ते गिऱ्हाइकाने भरते. तेव्हा पगडीचे मोल जास्त म्हणून नाक मुरडणे योग्य नव्हे. त्या मोलात एका माणसाच्या बोटांची विद्या आहे.

मग पगडीत उणे कोठे? उणे असे की, ती एकाच डोक्याची आहे. मापाची वस्तू जितकी बिनचूक, तितकी ती दुसऱ्याच्या निरुपयोगाची. लंडन येथे लॉक ह्या नावाचे टोप्यांचे दुकान १६७६ सालापासून चालत आले आहे. तेथे मापासाठी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एक यंत्र ठेवून मस्तकाच्या आकाराचा ठसा कागदावर उमटवून घेतात. कारण कोणाचेही डोके पुरते वाटोळे नसते. कोणाचे पुढून निमुळते, कोणाचे एका कानाकडे फुगीर. असा ठसा घेऊन केलेली टोपी धन्याच्या मस्तकी बरोबर बसते, पण त्याच्या सख्ख्या भावास ती बसेलच असे नाही. उलट आपला फेटा घ्या. साधारण आठ-नऊ मीटरांचे न शिवलेले कापड. आज आजोबांच्या मस्तकी, उद्या काकांच्या, परवा नवरदेवाच्या. बांधणारा हात माप घेतो आणि सोडणारा हात माप पुसून टाकतो. एकत्र कुटुंबाच्या सामाईक तिजोरीतून काही भारी वस्तू घ्यावयाचीच असेल, तर ती पुष्कळांच्या मस्तकी बसणारी असावी, हा नियम आम्हांस फेट्याने शिकविला आहे.

मापाची गोष्ट निघालीच आहे, तर गृहिणींच्या उपयोगाचे थोडे सांगून टाकू. डोक्याचे माप भुवयांच्या आणि कानांच्या किंचित वरून, मागे जेथे डोके सर्वांत फुगीर असते तेथून, दोरी गुंडाळून घ्यावे. जन्मतः मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाचे होईतो तो ४६ च्या आसपास जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास ५० च्या पुढे सरकतो, आणि मोठेपणी बहुधा ५५ ते ५८ होतो. म्हणजे मुंजीच्या वयानंतर सदरा दरवर्षी आखूड होतो, पण टोपी आत दोन बोटे शिवण सोडून शिवली असेल तर पुष्कळ वर्षे पुरते. मात्र बटूच्या टोपीचे माप मुंडन लक्षात ठेवून घ्यावे. दाट केसांवरून घेतलेल्या मापाची टोपी मातृभोजनाच्या वेळी नाकावर घसरते आणि सारा मांडव हसतो.

आता स्वस्त टोप्यांकडे वळू. धाकट्या सूनबाईंचे गणित बरोबर आहे, पण टोप्या कोणत्या, ह्यावर ते अवलंबून आहे. आपल्या मराठवाड्यात कार्यप्रसंगी पाहुण्यांस टॉवेल-टोपीचा आहेर करण्याची चाल आहे. ह्या टोप्या गठ्ठ्याने येतात. कापड विरविरीत, माप एकच, आणि ते बहुधा कोणाच्याच डोक्याचे नसते. पाहुणा मांडवात ती क्षणभर डोक्यावर ठेवितो, घरी गेल्यावर फडताळात टाकितो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्यास देतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर ही म्हण येथे अक्षरशः खरी होते! समजा दोनशे पाहुणे आणि प्रत्येकी साठ रुपये, तर झाले बारा हजार. आजोबांच्या तीन हजारांवर तीन रात्री वाद घालणारे घर ह्या बारा हजारांवर एक शब्दही बोलत नाही. कारण ती रीत आहे आणि रीतीस कोणी पावती मागत नाही. दुष्काळाने वारंवार गांजलेल्या आमच्या जिल्ह्यात हीच रीत पाळण्यासाठी कित्येक घरे सावकाराच्या दारी जातात. ऋण काढून सण करू नये असे आपण मुलांना शिकवितो आणि ऋण काढून पाहुण्यांना टोप्या घालतो.

तेव्हा खरी निवड एक भारी टोपी की अनेक हलक्या टोप्या अशी नाहीच. माप आणि मोल ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आपण एक समजतो, तेथे घोटाळा होतो. मापाची वस्तू महागच असावी असा काही नेम नाही. घरातील बाळाचे पहिले शिरोभूषण आठवा. बाळंतविड्यातील कुंची आजीने जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यातून शिवलेली असते. नुसत्या नजरेने घेतलेले माप, हाताची टीप, काठाला उरलेली जरीची पट्टी, आणि खर्च शून्य. पाठच्या भावंडांनाही ती कुंची पुरते. जगात मापाची टोपी म्हणून ज्या वस्तूसाठी लोक महिन्याची मिळकत मोजतात, ती आपल्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या फुकट होत आली आहे.

ह्या दृष्टीने त्या वाड्यातील तीन हजार रुपयांकडे पाहा. यादीत पाच पुरुष आणि पाच मुलगे धरले आहेत. गावातल्याच शिंप्याकडून, प्रत्येकाच्या मापाची, चांगल्या सुती कापडाची टोपी समजा दीडशे रुपयांस पडली, तर दहांचे दीड हजार झाले. परंतु यादी करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरली आहे. घरात चार मुलीही आहेत. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तो सायकलवरून शिकवणीस जाणाऱ्या मुलीचे मस्तक पाहून खाली उतरत नाही. टोपी हा मान असेल तर तो मुलींस का नसावा, आणि टोपी ही उन्हाची सोय असेल तर ती मुलींस आधी हवी. त्यांच्यासाठी रुंद काठाच्या सुती टोप्या दोनशे रुपयांप्रमाणे घेतल्या, तर आठशे झाले. एकूण तेवीसशे. उरले सातशे.

हे सातशे आजोबांचे. त्यांची एकच टोपी त्यांच्या मापाची, त्यांच्या पसंतीच्या खादीची, आत मऊ अस्तर लावून शिवावी. रोज सकाळी योगेश्वरीच्या दर्शनास जाताना ती मस्तकी राहील. कार्याच्या दिवशी मान म्हणून उत्तम फेटा बांधावा आणि त्याचे पैसे टॉवेल-टोपीच्या बारा हजारांतून काढावे. पाहुण्यांना साखरेची पुडी आणि दोन गोड शब्द पुरे होतात. तो फेटा पुढे घराचा राहील, आणि आज टोपी मिळालेल्या बटूच्या मस्तकी तो उद्या लग्नात बांधला जाईल.

एक अपवाद आम्ही मुद्दाम ठेवितो. आजोबा जर जन्मभर पगडीच घालीत आले असतील आणि जुनी पगडी आता कुसली असेल, तर मात्र गणित बाजूस ठेवून त्यांस पगडीच आणावी. ती त्यांची रोजची टोपी आहे. अशा वेळी बाकीच्यांनी वर्षभर जुन्या टोप्या धुऊन घालाव्या. त्यात कोणाचे काही उणे होत नाही.

राहिले आजोबांचे “नको”. ते ऐकून वाद मिटला असे समजण्याची चूक कोणत्याही घराने करू नये. ज्या माणसाने चाळीस वर्षे मुलांच्या पाट्या-दप्तरांपुढे आपली टोपी पुढील वर्षावर ढकलली, त्याच्या जिभेस “नको” ह्या शब्दाची सवयच जडलेली असते. ती त्याची इच्छा नव्हे. एकत्र कुटुंबातील कर्त्या माणसाचे काम हेच की, जे मागतात त्यांचा हिशेब करावा, आणि जे मागत नाहीत त्यांचे माप न विचारता घ्यावे. दोरी घेऊन आजोबांच्या मागे उभे राहावयास एखादी नात पुरेशी आहे. आणि ते “नको, नको” म्हणत असता तिने माप सांगून टाकावे.