नान-खलिया खरंच तुघलकाच्या सैन्यासाठी बनला होता का?

वेरूळची लेणी बघून झाली की गाडी खुलताबाद, दौलताबाद करत शहराकडे निघते. एव्हाना सगळ्यांना भूक लागलेली असते आणि ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, "नान-खलिया खायचा ना?" त्यासोबत एक गोष्ट फुकट मिळते.

गोष्ट अशी. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली. एवढ्या मोठ्या लवाजम्याला एकाच वेळी जेवू घालायचं कसं? मग आचाऱ्यांनी जमिनीत भट्ट्या खणल्या, त्यात नान भाजले आणि शेजारी डेगीत मटणाचा खलिया शिजवला. फूड रील असो की दुकानाचा बोर्ड, '७०० वर्षांची परंपरा' ही ओळ ठरलेली.

यातलं खरं किती?

राजधानी हलली, हे खरं. साल साधारण १३२७. दिल्लीहून अधिकारी आले, सूफीही आले. त्यातले बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आजही खुलताबादला आहे. म्हणजे माणसं आली, तेव्हा त्यांच्यासोबत आचारी आणि तंदूरही आले असणार. दिल्लीत तोवर नान माहीत होता, अमीर खुसरोच्या लिखाणात तो येतो.

इथून पुढे मात्र गोष्ट लंगडते. ज्या शहराच्या नावाने हा पदार्थ विकला जातो, ते शहर तेव्हा नव्हतंच. मलिक अंबरने खडकी वसवली १६१० मध्ये. तिचं औरंगाबाद झालं औरंगजेबाच्या सुभेदारीत, आणि छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये. आता तुम्ही म्हणाल, गोष्ट तर दौलताबादची आहे. ठीक आहे. पण तुघलकाच्याच काळात दौलताबादला येऊन गेलेला इब्न बतूता तिथली द्राक्षं, डाळिंबं, गाणाऱ्यांचा बाजार, एवढंच काय, किल्ल्याच्या कोठडीतले मांजरापेक्षा मोठे उंदीरही नोंदवतो. नान-खलियाची जोडी काही त्याच्या वर्णनात नाही.

सगळ्यात मोठी अडचण मिरचीची. आजच्या खलियाचा लालभडक तवंग मिरचीशिवाय होत नाही, आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांनी भारतात आणली, म्हणजे १४९८ नंतरच. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त कलिया हा पदार्थ आहे, पण मसाल्यांच्या यादीत मिरची नाही, काळी मिरी आहे. तुघलकाच्या आचाऱ्याने खलिया केलाही असेल, तरी आज आपण खातो तो नक्कीच नव्हे. मधे मुघल आले, मग निजाम आले, शहर काही काळ निजामाची राजधानी होतं. प्रत्येक वेळी नवे आचारी आले. आजची चव या सगळ्यांच्या हाताची, एका सुलतानाच्या हुकुमाची नाही.

मग गोष्ट टिकली कशी?

कारण ती धंद्याला सोयीची आहे. शोध सुलतानाच्या नावावर टाकला की हक्क सांगायला कुणी उरत नाही आणि प्रत्येक दुकान '७०० वर्षं' लिहायला मोकळं. दिल्लीत उलटं झालं. बटर चिकन आणि दाल मखनी कुणी शोधली, यावरून 'मोती महल'ने 'दरियागंज' रेस्टॉरंटला २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात खेचलं. मागणी होती सुमारे २ कोटी रुपयांची. तिथे गोष्टीतला आचारी अलीकडचा आहे, त्याचे वारस आहेत, म्हणून भांडण आहे.

तुघलकाच्या गोष्टीत तोटा होतो तो भट्टीवाल्यांचा. तंदूरच्या तोंडाशी वाकून नान चिकटवणारे, लग्नाच्या पंगतीसाठी पहाटेपासून डेग चढवणारे कारागीर गोष्टीत कुठेच नाहीत. शिवाय, सुलतान-बादशाहांच्या नावावरून वाद पेटतात तेव्हा 'तुघलकी' किंवा 'मुघली' हे लेबल पदार्थालाही चिकटतं, आणि मग शिव्या खातो तो दुकानदार.

उद्या नान-खलियासाठी जीआय मानांकन मागायचं ठरलं, तर रसगुल्ल्याचं उदाहरण समोर आहे. पश्चिम बंगालला २०१७ मध्ये, ओडिशाला २०१९ मध्ये असं दोघांनाही ते मिळालं, आपापल्या पद्धतीच्या रसगुल्ल्यासाठी. तिथे कोणत्या भागात, कोण आणि कशा पद्धतीने बनवतं, याचे पुरावे लागतात. त्यासाठी जुन्या शहरातल्या भट्ट्यांवर जावं लागेल.