जुन्या लेथची पारख

इंग्लंडमधील बीस्टन येथे १९४० च्या दशकापासून बनलेला मायफोर्डचा ‘एमएल ७’ हा साडेतीन इंची लेथ हौशी कारागीर आजही घरी जपतात. असे जुने यंत्र दुरुस्तीस घेताना नव्या रंगास भुलू नये. पारख बिडाच्या बेडची करावी. बहुतेक काम चकजवळ होत असल्याने बेड तेथेच अधिक झिजतो. तेथे नीट बसविलेले कॅरेज दुसऱ्या टोकाकडे अडकले, की झीज उघड होते. पॉलिशपेपर घासून ती मिटत नाही, वाढते. बेअरिंगची ढिलाई मात्र शिमचा एकेक पातळ थर काढून कमी करता येते. दर वेळी स्पिंडल हाताने फिरवून पाहावे. गंज निघतो, रंग पुन्हा चढतो. घासले गेलेले बीड परत येत नाही. म्हणून हत्यार चालविण्यापूर्वी मोजमाप घ्यावे.