व्यक्तिचित्रांची साक्ष

मराठ्यांच्या लष्करी पोशाखाचा विचार करताना व्यक्तिचित्रांचा दाखला ग्राह्यच धरू नये, असे आमच्याकडील कित्येक दप्तरनिष्ठ अभ्यासकांचे आग्रही मत आहे. चित्रकार धन्याचा मिंधा, दरबारी पोशाख मोहिमेवर कोणी घालीत नसे, आणि ज्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे नि अंगावर घरचेच कपडे घेऊन चाकरीस येई तिला मुळात गणवेशच नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मीच पुढे ठेवतो. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटने सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात 1790 मध्ये केलेल्या तहाचे जे भव्य तैलचित्र आज लंडनमध्ये आहे, ते टॉमस डॅनिएलने 1805 मध्ये विलायतेत पुरे केले, आणि ज्याच्या रेखनांवरून ते रंगविले तो जेम्स वेल्स 1791 मध्ये मुंबईस उतरला असल्यामुळे त्या दरबारात हजरच नव्हता. म्हणजे सभेची मांडणी रचलेली, हे निर्विवाद. परंतु वेल्सने पुढे पुण्यात राहून पेशवे व नाना फडणवीस यांना प्रत्यक्ष समोर बसवून चित्रे काढली होती, हेही तितकेच निर्विवाद आहे. तेव्हा कोण कोठे बसला यास ते तैलचित्र प्रमाण नसले, तरी पगडीचा घाट आणि शेल्याची चुणी यांस वेल्सची व्यक्तिचित्रे प्रमाण का नसावीत? साक्षीदार एका मुद्द्यावर अग्राह्य ठरला म्हणून त्याची सारी जबानी रद्द करणे कोणत्याही न्यायसभेस शोभणार नाही.

आता दप्तराकडे वळू. पटवर्धनी दप्तरांतून मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, त्याचे ऋण कोणता अभ्यासक नाकारील? सेनानी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमा, फौजेचा खर्च, सरदारांचे रुसवेफुगवे हे सर्व त्यांत सापडते. परंतु कागदात अंगरखा असला, तरी त्याचा बंद कोणत्या बाजूस बांधला होता आणि पटक्यात कट्यार कशी खोवली होती, हे कारकून लिहीत नाही, कारण ते प्रत्येकास ठाऊक होते. ते चित्रकारानेच टिपले. जामा हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधावा ही मोगल अमदानीतील चाल चित्रांत दिसते, आणि चित्रावरून ठसा कोरताना डावे-उजवे उलटले, तर उजव्या कमरेस गेलेली तलवारच ती लबाडी उघडी करते. हे बारकावे डोळस परीक्षकाला जितके उपयोगी, तितके आंधळ्या भक्ताला घातक.

गणवेश नव्हता, हा आक्षेप तर उलट आमच्याच बाजूस येतो. इब्राहिमखानाचे गारदी आणि द बॉयनने महादजी शिंद्यांसाठी उभारलेले कवायती कंपू सोडले, तर मराठी फौजेत एकरूपतेपेक्षा विविधता अधिक, आणि ती विविधता हाच लष्करी इतिहासाचा दाखला होय. मात्र सरदाराच्या तसबिरीवरून धन्याच्या घोड्यावर चाकरी करणाऱ्या बारगिराचा पोशाख ठरवू पाहणाऱ्यांस माझा पाठिंबा नाही. तेथे परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबर गेलेल्या एडवर्ड मूरचे 1794 चे वर्णन अधिक विश्वसनीय. आणि विसाव्या शतकातील काल्पनिक चित्रे पाठ्यपुस्तकांत पुराव्यादाखल छापणाऱ्यांनी, कितीही सद्भावनेने का असेना, या शास्त्राचे अतोनात नुकसान केले आहे.

दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी साताऱ्यास उभारलेला संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे संग्रहालय 1938 पासून औंधातच आहे. अशा प्रत्येक संग्रहातील तसबिरीखाली चित्रकार, साल, आणि व्यक्ती समोर बसली होती की जुन्या चित्राची ती नक्कल आहे, एवढी तीन कलमे लिहिली जावीत, आणि शक्य तेथे त्या काळचा अंगरखा नि बख्तर तिच्याशेजारीच मांडावे, अशी माझी संस्थाचालकांकडे आग्रहाची मागणी आहे.